बाहेरच्यांना बंदी

मिरानचा नुसता जळफळाट होत होता, आणि का होऊ नये? कोरियातल्या इंचॉन शहरातल्या एका सोसायटीत नवव्या मजल्यावर तिची ऐंशी वर्षांची आई राहायची. तिला सांभाळायला चीनमध्ये जन्मलेली, मूळ कोरियन वंशाची एक बाई, चुन-ह्वा, चार वर्षं तिथेच मुक्कामाला होती. मिरान ऑफिस सुटलं की तासभर मेट्रोत उभी राहून यायची, आणि आई दारातच म्हणायची, "हळू बोल गं, चुन-ह्वाचा आत्ताच डोळा लागलाय." लेकीने आणलेली पेज आईला अळणी लागायची. चुन-ह्वाच्या हातची मात्र वाडगा चाटूनपुसून!

मग समुद्रापलीकडे, चीनमध्ये साथ आल्याची बातमी आली. परदेशी मजुरांच्या हक्कांसाठी थंडीत मेणबत्ती धरून उभी राहिलेली हीच मिरान आता 'सीमा बंद करा' म्हणणाऱ्या उमेदवाराची पत्रकं वाटू लागली. भीती खोटी नव्हती. चुन-ह्वा नुसती खाकरली तरी मिरानच्या काळजात धस्स व्हायचं. पण धस्स झाल्यावर जरा बरंही वाटायचं, हे कुणाला सांगणार?

"आई, कुठकुठल्या लोकांत जाऊन येते ती!"

"कुठे जाते? रविवारीसुद्धा माझे पाय चेपत बसते बिचारी."

त्या 'बिचारी'ने मिरानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सोसायटीच्या सभेत ती आईच्या वतीने उठली. "रोग बाहेरूनच येतो. परदेशी नोकरांना आजच बंदी घाला, नाहीतर उद्या आपल्या म्हाताऱ्यांना..." तिला रडू फुटलं, अगदी खरंखुरं. बायकांनी डोळे पुसले.

"परदेशीच कशाला?" अध्यक्ष नोहबाई म्हणाल्या. "रोग काय पासपोर्ट बघतो? जो इथे राहत नाही, त्याला आत घ्यायचंच नाही."

टाळ्या पडल्या. मिरानने सगळ्यांच्या आधी हात वर केला. तिच्या लेखी बाहेरचं माणूस एकच होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पहारेकरी काकांनी तिला फाटकावरच अडवलं. "बाई, नऊशे तीनमध्ये दोघीच राहतात. आजी आणि चुन-ह्वा."

"अहो, मी लेक आहे तिची!"

"ठाऊक आहे की. काल काय बोललात! घरी जाऊन सांगितलं, तर बायको रडली माझी."

मिरानने तिथूनच आईला फोन लावला. आता आईच काकांना खडसावेल, अशी तिची खात्री होती.

"बरं झालं गं बाई," आई म्हणाली. "रोज त्या मेट्रोच्या गर्दीतून येतेस. मला किती भीती वाटायची! पण पोटच्या पोरीला 'येऊ नकोस' असं कसं सांगायचं?"