हिरव्या ठिपक्याचा ग्लास

माझा चष्म्यांचा धंदा आहे. एकवीस वर्षं झाली. तेव्हा खिशात मऊ फडकं असणारच, आणि समोर काच दिसली की हात आपोआप तिकडे जाणारच. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून मी पुसलेला आहे. एकदा बसमध्ये शेजारच्या अगदी अनोळखी माणसाचा पुसला. त्यानं बिचाऱ्यानं आभार मानले, बायकोनं मात्र दोन दिवस माझ्याबरोबर कुठे यायचं नाव काढलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि सवयीची किती, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बायको एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. तीन वर्षांपूर्वी तिनं ती नोकरी सोडली आणि आमच्या गॅरेजमध्ये बीअर बनवायला घेतली. तेव्हापासून आमची गाडी रस्त्यावर उभी असते आणि गाडीच्या जागी पातेली, नळ्या नि पिंपं. बरं, साधी बीअर करील तर ती माझी बायको कसली! ही करते सेझाँ. म्हणजे पूर्वी शेतात राबणाऱ्या माणसांसाठी शेतावरच जी हलकी, फसफसणारी, कोरडी बीअर बनवायचे ती. प्यायची वस्तू कोरडी कशी असते हे मला अजून कळलेलं नाही, पण मी विचारणं सोडून दिलंय.

यीस्टसुद्धा विकतचं चालत नाही, रानटीच लागतं. आलुबुखाराच्या सालीवर पांढुरकी भुकटी दिसते ना, त्यात म्हणे ते राहतं. पहिल्या वर्षी तिनं ती फळं बरणीत गोड पाण्यात घातली, वर कापड बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवली. तीन आठवड्यांनी ती बरणी माझ्या नजरेला पडली. आत बुडबुडे, वर साय, आणि वास तर विचारूच नका. कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच मी केलं. साबण लावून, गरम पाण्यानं घासून, उन्हात पालथी घातली. इतकी लख्ख निघाली होती!

"तू माझं अख्खं वर्ष धुऊन टाकलंस," ती म्हणाली. फळांचा हंगाम संपला होता. त्या दिवसापासून गॅरेजमधल्या काचेला हात लावायची मला बंदी आहे.

आता माझे सासरे. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, तासाभराच्या अंतरावर शेतात एकटे राहतात, तोंडाचा पट्टा चालू झाला की समोरच्यानं खुर्ची बघून बसून घ्यावं. त्यांच्याकडे गव्हाची एक जुनी जात आहे, लाल लोंबीची. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली. छातीइतकी वाढते, वारा आला की आडवी होते, मशीननं कापता येत नाही, आणि इतर गव्हाच्या निम्मीसुद्धा पिकत नाही. आसपास दुसरं कुणी तिला हात लावत नाही. बाबा मात्र दरवर्षी एक पट्टा पेरायचे आणि विळा घेऊन स्वतः कापायचे. बायकोच्या सेझाँमध्ये पडायचा तो हाच गहू.

पेरणीला महिना राहिला असताना बायकोला बाबांचा फोन आला. "यंदा तो पेरणार नाही. पुरे झालं."

"अहो पण बाबा, बी नुसतं पडून राहिलं की दरवर्षी थोडं थोडं मरतं! दोन-चार वर्षांनी उगवायचंच नाही."

"मरू दे. तसंही तुझ्या त्या फेसात गहू कुठला नि गवत कुठलं, हे देवालाही कळायचं नाही."

हे मात्र बायकोच्या फारच जिव्हारी लागलं. "आणि कळलं तर? तुम्हाला कळलं तर?"

बाबा म्हणाले, "ग्लासात माझा गहू मला ओळखू आला तर पेरीन. नाही आला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

कबूल तर कबूल. बायकोनं फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. बीअर करायला दुसरा गहू मिळाला असता हो, ढीगभर मिळाला असता. पण हा गेला की जगातून गेला, आणि तो आपल्या बापाच्या हातून जाणार, हे तिला सोसत नव्हतं. दोन रात्री ती नीट झोपली नाही.

सुदैवानं बीअर तयार होती. एकाच दिवशी, एकाच यीस्टवर, शेजारशेजारच्या दोन पिंपांत तिनं दोन केल्या होत्या. एक बाबांच्या गव्हाची, एक बाजारच्या. रविवारी सकाळी बाबा आले. परीक्षा अशी ठरली की तीन ग्लास ठेवायचे, एकात बाबांच्या गव्हाची, दोनांत बाजारच्या गव्हाची. त्यातला आपला कुठला ते बाबांनी सांगायचं. ओतायचं काम माझ्याकडे आलं, कारण बायकोच्या तोंडावर सगळं छापल्यासारखं दिसतं. तिनं मार्करनं एका ग्लासाच्या बुडाला हिरवा ठिपका काढला.

"ठिपक्याच्या ग्लासात बाबांची. बाकीच्या दोनांत दुसरी. ओतायचं आणि आणायचं. पुसायचं नाही."

हो, म्हणाली होती. मान्य आहे.

मी दोन्हींची एकेक बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो, दार लोटलं आणि ओतायला घेतलं. पण ही बीअर म्हणजे काय साधीसुधी आहे? बाटली तिरकी केली रे केली की फेस वर. तिन्ही ग्लास ओसंडले, ट्रे चिकट झाला, ओट्यावर थारोळं. अशा ग्लासात सासऱ्यांना द्यायचं? फडकं खिशातून कधी निघालं ते मलाही कळलं नाही. पहिला ग्लास उचलला, वरून, बाजूनं, बुडाखालून पुसला, उजेडात धरून बघितला. काय चकाकत होता! दुसरा पुसला. तिसरा पुसला. ट्रे धुतला, तिन्ही परत मांडले, आणि मग फडक्यावर हिरवा डाग दिसला.

तिन्ही ग्लास वर करून खालून बघितले. तिन्ही स्वच्छ. माझं काम एरवी चांगलंच असतं.

म्हटलं, चव घेऊन बघू. पहिल्याचा घोट घेतला. छान. दुसऱ्याचा घेतला. छान. तिसराही छान! आता काय करता? दोन्ही बाटल्या रिकाम्या, बाकीचा साठा गॅरेजमध्ये, आणि गॅरेजची वाट बाहेरच्या खोलीतून, बायकोच्या समोरून. सरळ जाऊन सांगायला हवं होतं, कळतं मला. पण ती बरणी आठवली आणि पाय हलेनात.

"जावईबापू," बाहेरून आवाज आला, "बीअर ओतताय की पेरताय?"

आणखी एकेक घोट घेऊन तिन्ही ग्लासांची पातळी सारखी केली, देवाचं नाव घेतलं आणि ट्रे उचलला.

बाबा ताठ खुर्चीत बसले होते. हात धुऊन आले होते, टोपी मांडीवर. बायको समोर, सोफ्याच्या अगदी कडेवर. मी ग्लास मांडले आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता कपाटाला टेकून उभा राहिलो.

बाबांनी पहिला उचलला, वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला. चेहरा मख्ख. दुसरा उचलून हुंगला. घोट घेतला आणि डोळे मिटले, ते जरा जास्तच वेळ. मला वाटलं ढेकर अडकला असेल. मग तिसरा. मग पुन्हा दुसरा, नुसते ओठ ओले करण्यापुरता. ग्लास खाली ठेवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी ठेवला.

बाबांनी पहिल्या ग्लासावर बोट ठेवलं. "छान आहे. हा माझा."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या बाईचे डोळे असे झाले होते, शाळेच्या फलकावर निकाल लावताना मुलांचे होतात तसे. आता सगळं माझ्या एका शब्दावर, आणि मला तर ओ का ठो माहीत नाही. तिन्हींतला एक तर बरोबर असणारच होता ना? मग हाच का नसेल?

"बरोबर!" मी ओरडलो. "अगदी बरोबर, बाबा! कमाल केलीत!" आणि टाळ्यासुद्धा वाजवल्या.

बायकोनं तोंडावर हात घेतला आणि रडायलाच लागली. बाबा मात्र हलले नाहीत. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"काय म्हणालात?"

"बरोबर म्हणालो."

"कशावरून?"

"खाली ठिपका आहे ना."

"दाखवा."

मी ग्लास उचलून दाखवला. बुडातून खिडकीतलं आभाळ स्वच्छ दिसत होतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं!" बाबा उभे राहिले, टोपी खाली पडली. "हा माझा गहू? हा? या पाणचट पाण्यात? अहो, साठ वर्षं मी तो पेरलाय, दळलाय, त्याचे पाव खाल्लेत. मला सांगता बरोबर? हा आहे माझा, हा!" आणि त्यांनी दुसऱ्या ग्लासाशेजारी टेबलावर अशी थाप मारली की तिन्ही ग्लास हादरले. "मागून सालीची चव लागते याची. जिभेच्या कडेला कडसरपणा येतो आणि मग बसून राहतो. आंधळ्यालाही कळेल!"

मग बाबांच्याच लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. ते हळूच खाली बसले आणि टोपी शोधायला लागले.

बायकोनं डोळे पुसले. माझ्यापुढे नुसता हात केला. मी फडकं तिच्या हातावर ठेवलं. तिनं हिरवा डाग बघितला, फडक्याची घडी केली आणि बाजूला ठेवली. माझी पाळी नंतर येणार हे मी समजलो.

"म्हणजे पहिल्या घोटातच तुम्ही ओळखलात," ती बाबांना म्हणाली.

"वासावरच."

"आणि मुद्दाम चुकीचा दाखवलात."

"हो."

"का?"

"पेरायचं नव्हतं म्हणून."

"मग तसं सरळ सांगायचं!"

"फोनवर सरळच सांगितलं होतं. ऐकलंस?"

बाबांनी टोपी झटकली, मग पुन्हा झटकली.

"मागच्या कापणीला," ते म्हणाले, "दुपारच्याला मी मध्येच खाली बसलो. बसलो म्हणजे काय, पाय गेले. उठताच येईना. तासभर. चारी बाजूंनी गहू डोक्याच्या वर. शेजारचा ट्रॅक्टर बांधावरून गेला, त्याला मी दिसलोच नाही."

"तासभर? आणि फोन?"

"घरात. चार्जिंगला लावलेला."

"बाबा! नंतर तरी सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्या गव्हापायी झालं. म्हटलं, आपणच थांबवू. आपल्या म्हातारपणाचं खापर त्याच्या डोक्यावर नको."

आता बायको रडतही होती आणि भडकलीही होती. दोन्ही एकदम झालं की तिच्या वाटेला न गेलेलं बरं. "पेरायचा नाही तो गहू! ऐकलंत? एक दाणा पेरायचा नाही. मी बाजारच्या गव्हाची करीन."

"बाजारच्या?" बाबांनी पहिला ग्लास पुढे ढकलला. "ही? याला काय बीअर म्हणायचं?"

"मघाशी छान म्हणालात!"

"मघाशी मी खोटं बोलत होतो!" त्यांनी दुसरा ग्लास जवळ ओढला, मोठा घोट घेतला आणि मिशीवरचा फेस पुसला. "हिला म्हणायचं बीअर. एवढी चांगली करायला लागलीस, आणि आता म्हणतेस नको पेरू? तू कोण सांगणारी? शेत माझं आहे!"

"मी तुमची मुलगी आहे!"

"मग मुलीसारखी ऐक. मी पेरणार!"

म्हणजे पाच मिनिटांपूर्वी जो बाप पेरायचं टाळायला खोटं बोलला, तो आता पेरणार म्हणून टेबल बडवत होता, आणि जिनं त्यासाठी झोप घालवली ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, आपणही काही बोलावं. "कापायला मी येतो."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"हा विळा पुसत बसेल," बायको म्हणाली.

"बसू दे. गंज तरी चढायचा नाही," बाबा म्हणाले. त्यांनी माझी बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ.

भांडण जरा निवलं. बायको उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्या तासात हाक तरी मारलीत का कुणाला?"

"मारली की."

"कुणाला?"

बाबा ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिले. "तुला. तू तिथे नाहीस हे काय मला माहीत नव्हतं? पण तोंडात तुझंच नाव आलं."

तिनं त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. माझाच चष्मा धूसर झाला होता आणि फडकं जप्त होतं.

"हे बघा," शेवटी ती नाक ओढत म्हणाली. "पेरणीला आम्ही दोघं येणार. कापणीला तुम्ही बांधावर खुर्ची टाकून बसायचं. फोन खिशात. वाकायचं नाही, नुसतं ओरडायचं."

"बरं," बाबा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मी दचकलो.

"मग कधी यायचं पेरायला?"

"ओल बघून सांगतो." त्यांनी ग्लास रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला, आणखी दे म्हणून. "पण यंदा पट्टा जरा रुंद धरू. आता आपण तिघं आहोत."