घमेल्यातले निखारे

“पावसापाण्याचं निखारे घरात घेतलेस, तर खिडकी उघडी ठेव गं,” शेजारच्या डेलमिराबाईंनी कुंपणावरून बजावलं होतं. यानिनाने हसून मान हलवली होती. कॉलेज शिकलेल्या बाईला आता हे पण शिकवणार का, असं मनात म्हणत.

आज, जुलैच्या कडाक्यात – दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा तो – पाऊस परसातल्या जाळावर कोसळू लागला तसे तिच्या वडिलांनी, एवारिस्तोंनी, निखारे फावड्याने घमेल्यात भरले आणि थेट स्वयंपाकघरात आणून ठेवले. वर जाळी. जाळीवर तीन बोटं जाडीचा गोमांसाचा तुकडा.

“पापा, गॅसवर तवा आहे की!”

“तव्यावर? मग उकडूनच दे ना! नातवासमोर आजोबाची अब्रू घालव.”

“नातवाला दात तरी आलेत का?”

“म्हणून तर वासावर शिकवतोय. आणि एकदाच उलटायचा. सारखं खालीवर करायला तो काय दुपटं आहे?”

आई गेल्यापासून त्यांनी जाळ पेटवलाच नव्हता. आज मिठाचे खडे चोळताना ते शीळ घालत होते. अशा वेळी नको म्हणायला तिची जीभ रेटेना.

पाळण्यात सिरो खोकला. वारा सरळ त्याच्या अंगावर येत होता. यानिनाने उठून खिडकी लावली, फटीत टॉवेल कोंबला.

थोड्या वेळाने तिचं डोकं ठणकू लागलं. जागरणाचं असेल, तिला वाटलं. पापा खुर्चीत टेकले.

“तूच बघ पोरी. वर रस आला की उलट.”

तिने चिमटा उचलला. तो हातातून निसटून फरशीवर खणकन पडला.

सिरो दचकला नाही. चमचा पडला तरी घर डोक्यावर घेणारं पोर.

तिने त्याला उचललं. पाय कापसाचे झाले होते. दार कोपराने ढकलून ती चिखलात गुडघ्यांवर पडली, त्याचे तळवे चोळत राहिली. बऱ्याच वेळाने पोराच्या घशातून बारीकसा आवाज फुटला.

“डेलमिराबाई! पापा आत आहेत हो! पापा आत आहेत!”

इस्पितळात सिरोच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा आहे. तो सारखा ओढतो, म्हणून तिला हात सोडता येत नाही. पापांना पलीकडच्या दारातून नेलं. तेव्हापासून कुणी काही सांगत नाही. परिचारिका विचारण्याआधीच नजर वळवते.

वऱ्हांड्यातून जो कोणी त्या दाराकडे निघेल, त्याला ती हाक मारते. आता तुम्ही निघाला आहात.

“अहो, जरा थांबा. आत पांढऱ्या मिश्यांचे एक म्हातारे आहेत, हातांना धुराचा वास येईल. मला उठता येत नाही हो. श्वास चालू आहे का, एवढंच बघून या. जागे असतील, तर सांगा, सिरो रडला म्हणून.”