उसवलेल्या पंखाची टिटवी

मी एक जुना कापडी बिल्ला आहे. सैनिकाच्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली शिवतात ना, तो. माझ्या निळ्या कापडावर पिवळ्या धाग्याची टिटवी आहे. मित्रांनो, लढाई पाहिलेला बिल्ला म्हणजे शूरच असणार, असे तुम्हाला वाटेल. तसे काही नाही. मी पहिल्यापासून भित्रा आहे. शिंप्याच्या कात्रीला भ्यालो, धोब्याच्या इस्त्रीला भ्यालो, आणि तोफेचे तर विचारूच नका.

माझा जन्म छावणीच्या बाजारातल्या शिंप्याकडे झाला. आम्हाला कोणीही उठून मिरवायचे नाही, अशी रीत आहे. ज्या तुकडीचा बिल्ला, त्या तुकडीत राहिलेल्यानेच तो लावायचा. हा माणूस कोणाच्या शेजारी उभा होता, एवढेच आम्ही सांगतो. मी साताऱ्याकडच्या हवालदार पुरुषोत्तम यांच्या बाहीवर बसलो. "टिटवीवाले आले, आता आभाळ पडायचं न्हाई," असे दुसऱ्या तुकडीतले गाववाले चिडवत. टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात ना, आभाळ पेलायला!

एका हिवाळ्यात डोंगरावरच्या चौकीत ते आभाळ खरेच पडले. दिवसभर गोळे येत होते. खंदकात पुरुषोत्तमांना खेटून नाईक संग्राम बसला होता. त्याची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. प्रत्येक धमाक्याला तो पुरुषोत्तमांचा दंड धरी, म्हणजे मलाच धरी. त्याची नखे माझ्यात रुतली आणि टिटवीच्या पंखाचा धागा उसवला.

"दादा, मला लय भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"मलाबी," पुरुषोत्तम म्हणाले.

संध्याकाळी ती पकड सैल झाली. संग्राम गेला.

पुढे पुरुषोत्तमांनी त्याच्या आईला सांगितले, "वाघ होता तुमचा पोरगा. शेवटपर्यंत हसत होता." त्या खोट्याने एका म्हातारीला जरा झोप लागली, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण त्याच दिवशी त्यांनी ब्लेडने माझे टाके काढले. मला पुन्हा बाहीवर लावले नाही आणि तो धागाही कोणाला शिवू दिला नाही.

यंदा त्यांच्या जुन्या स्वेटरच्या आतल्या खिशातून मी आयर्लंडला आलो. त्यांची लेक गिरिजा तिथल्या नास नावाच्या गावात डॉक्टर आहे. संग्रामची मुलगी स्वरांगी जवळच्याच लिक्सलिप गावात संगणकाच्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ती दर शनिवारी आमच्याकडे जेवायला यायची. मला तिच्या हाती द्यायचे आणि खरे काय ते सांगायचे, असे पुरुषोत्तमांनी ठरवले होते. दोन शनिवार ती आली, जेवली, गेली. त्यांचा हात खिशापर्यंत यायचा आणि तसाच मागे जायचा. मलाही हायसे वाटायचे.

तिसऱ्या शनिवारी सकाळी गिरिजाने तो स्वेटर घडी करून दानाच्या पिशवीत कोंबला आणि पिशवी फाटकाबाहेर ठेवली. आत अंधार होता, वर प्लास्टिकवर पाऊस टपटपत होता. दुरून दानाच्या पिशव्या नेणारी व्हॅन आल्याचा आवाज आला. माझी पाचावर धारण बसली. आता कोणी परका मला शोभेसाठी जाकिटावर लावणार आणि संग्रामचे नाव कोणालाच कळणार नाही!

घरातून आवाज आला. "गिरिजा, माझा स्वेटर कुठं हाय?"

"चॅरिटीच्या बॅगेत टाकला, आबा. कोपरं फाटली होती त्याची. नवीन फ्लीसचं जाकीट आहे ना कपाटात, वरच्या कप्प्यात!"

ते अनवाणीच धावले. पिशवी फाडून त्यांनी मला मुठीत घेतले, तेव्हा स्वरांगीची गाडी फाटकाशी थांबली होती.

"काका, काय झालं? तुम्ही ओके आहात ना?"

आता पळायला जागा नव्हती. "पोरी, हे तुझं हाय," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तुझा बाप हसत नव्हता. भ्याला होता. माझा दंड धरून बसला होता. ह्यो धागा त्याच्या नखानं उसवलाय. पण चौकी सोडून हलला न्हाई."

तिने मला हातात घेतले. आता ही मला चिखलात भिरकावणार, या भीतीने मी गोठून गेलो.

"लहानपणापासून ऐकतेय, बाबा वाघ होते," ती हळूच म्हणाली. "आणि मी? साधं प्रेझेंटेशन असलं तरी माझे हात थरथरतात. वाटायचं, मी त्यांची कोणी नाहीच." तिने उसवलेल्या पंखावर अंगठा ठेवला. रडता रडता ती हसली. "आत्ता कळलं, मी कोणावर गेलेय ते."

मित्रांनो, आता मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. ती मला बाहीवर लावत नाही, रीत तिला ठाऊक आहे. मोठी मीटिंग असली की मात्र खिशात नेते आणि मुठीत घट्ट धरते. धागा आणखी उसवेल म्हणून मी अजूनही भितो, पण सोड म्हणत नाही. तुमच्या घरात असा बिल्ला असेल, तर धुऊन काचेत लावण्याआधी तो कोणाच्या शेजारी होता, ते विचारा. आणि जुने कपडे देण्याआधी खिसे तपासा, एवढी एका भित्र्याची विनंती.