पौर्णिमाच्या हाताखालचा हीटर

मी गॅसचा हीटर बोलतोय. वरूडला नत्थुजींच्या संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये असतो. पाठीशी सिलिंडर, पुढ्यात तापून लाल होणारी जाळी, खाली चार चाकं. हिवाळ्यात सकाळीच बागेतून माल येतो. दवानं ओली, गारठलेली संत्री निवडताना बायांची बोटं आखडतात. त्यांच्यासाठी मला अमरावतीहून आणलं.

माझ्या खोक्यातलं माहितीपुस्तक वाचलं ते एकट्या पौर्णिमानं, नत्थुजींच्या सुनेनं. रोज ती नळीला साबणाचा फेस लावायची. बुडबुडा आला नाही, तरच मला पेटवायची. पेट्यांत घालायचं वाळलं तणस, रद्दी कागद माझ्यापासून लांब सारायची. आणि शटर अर्धं उघडं ठेवायची.

"हीटर लावते अन् वाराबी आत घेते!" माल निवडणाऱ्या पार्वताबाई हसायच्या.

जानेवारीत एके सकाळी पौर्णिमा लेकीला शाळेत सोडायला गेली. वारा झोंबत होता. नत्थुजींनी मला पेटवलं आणि शटर पार खाली ओढलं. बाया खूश! मीही ऐटीत तापलो, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू कोंडल्या हवेत माझी ज्योत पिवळी पडू लागली. कुणाला मळमळलं. "डोकं भणभणून राहिलं व माय," म्हणत पार्वताबाई क्रेटवर टेकल्या आणि तिथंच कलंडल्या.

मला सगळं कळत होतं. पण वाचा कुठली?

तेवढ्यात शटर खडखडत वर गेलं. माझी पिवळी ज्योत पाहून पौर्णिमानं एका नजरेत ओळखलं. श्वास रोखून तिनं रेग्युलेटर बंद केला, पार्वताबाईंना काखेत धरून अंगणात ओढलं. "समद्या बाहेर या! काम राहू द्या, आधी बाहेर!"

नत्थुजीही बाहेर आले. "पण गॅसचा वास तं नोता आला!"

"गॅस गळला तं वास येते, मामाजी. कोंडल्या जागी जळला तं जे जहर तयार होते, त्याले वासच नसते."

दवाखान्यात पार्वताबाईंना ऑक्सिजन लावला. चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या आणि पौर्णिमाच्या गालावरून हात फिरवला.

आता माझा रंग उडालाय, जाळी काळवंडलीय. आसपासच्या शेडांत नवा हीटर आला की आधी पौर्णिमाला बोलावणं येतं. मला तिचा अभिमान वाटतो. तुम्हीही तिच्यासारखं मला ओळखून वागवा. आणि मी जवळ असताना डोकं जड झालं, तर थंडीचं असेल म्हणून बसून राहू नका. मला विझवा, मोकळ्या हवेत जा. घटकाभर कुडकुडाल, एवढंच.