जिन्याखालची साइट

वहिनीच्या दुकानात बटणांशिवाय काहीही मिळत नाही. सुई मागा, दोरा मागा, ती समोरच्या दुकानाकडे बोट दाखवते. पण बटण मागून बघा! शिंपल्याचं, शिंगाचं, पितळेचं, कापड चढवलेलं, मागे कडी असलेलं. भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचा नमुना दोऱ्याने बांधलेला. गल्लीत तिला सगळे वहिनीच म्हणतात, तिच्या सासऱ्यांच्या वयाचे लोकसुद्धा. तिलाही आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर दुसऱ्या कुणाला बोलावतायत असंच वाटतं.

दुकान सासऱ्यांनी काढलं. ते गेल्यावर नवरा-बायकोने चालवलं, आणि मग एक काळ असा आला की चालवायला काही उरेना. बटण तुटलं की लोक शर्टच टाकून देऊ लागले. तेव्हा धाकटा दीर धावून आला. भाऊजींची नोकरी नुकतीच गेलेली, हाताला काम नाही आणि डोक्यात कल्पनांचा बाजार. त्यांनी दुकानाची वेबसाइट बनवली. कोटाचं एक बटण हरवलंय? मग उरलेल्यांपैकी एकाचा फोटो काढा आणि साइटवर टाका. वहिनी त्याची जोड खणांतून शोधून पाकिटात घालून पाठवणार. कुठल्या कुठल्या गावांहून फोटो येऊ लागले. बुडतं दुकान वर आलं, आणि ते भाऊजींमुळे आलं, हे वहिनी कधी विसरली नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

कारण ही साइट राहायला भाऊजींच्या घरी होती. लोक जिथे जुन्या चपला ठेवतात त्या जिन्याखाली त्यांचा एक कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असायचा. जगात कुणीही दुकानाची साइट उघडली की ती त्या जिन्याखालून उघडायची. भाडं नाही, करार नाही, सगळा घरचा मामला. घरी पाहुणे आले की भाऊजी त्यांना आधी जिन्यापाशी न्यायचे आणि देवघरातल्यासारखा आवाज खाली आणून सांगायचे, "आपल्या दुकानाचा सगळा कारभार इथून चालतो, बरं का."

चालायचाही. वर्षभर अगदी सुरळीत. फक्त थंडी पडली की पडायचा.

आणि बटणवाल्यांचा मोसम तोच. पहिली कडक थंडी पडते त्या आठवड्यात अख्खं जग कपाटातून कोट बाहेर काढतं, आणि अख्ख्या जगाच्या लक्षात येतं की मागच्या वर्षीच एक बटण गेलंय. त्या एका आठवड्यावर दुकानाचं वर्ष निघतं. नेमकी तेव्हाच साइट सकाळी दिसायची, दुपारी गायब व्हायची, संध्याकाळी पुन्हा उगवायची. विचारलं की भाऊजी म्हणत, "बघतो, बघतो. काहीतरी लाइटचं आहे." फुकटच्या सेवेची तक्रार कुठल्या तोंडाने करायची? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गेल्या थंडीनंतर मात्र नवऱ्याने हिशेब न मांडताच सांगितलं, "अजून एक असा मोसम गेला ना, तर शटर ओढायचं."

"मग साइट हलवू या," वहिनी म्हणाली. "साइटला भाड्याने जागा देणाऱ्या होस्टिंगच्या कंपन्या असतात म्हणे. तोच धंदा त्यांचा."

"आणि त्याला कोण सांगणार?"

नवरा हे बोलून खणांकडे वळला आणि आधीच जागेवर असलेली बटणं जागेवर लावू लागला. थोडक्यात, सांगणार वहिनी. पण तिच्याही जिभेवर शब्द येईना. भाऊजींना पुढे नोकरी मिळाली ती बेताचीच; घरात, नात्यात त्यांची कॉलर ताठ राहायची ती या जिन्याखालच्या कॉम्प्युटरमुळे. साइट काढून घ्यायची म्हणजे गरज सरो, वैद्य मरो. दुकान राखायचं तर दीर तुटतो, दीर राखायचा तर दुकान जातं. वहिनीने ठरवलं, आधी चांगली कंपनी तर सापडू दे, मग सांगू. अवघड काम पुढे ढकलायला याहून सभ्य कारण नसतं.

आता कंपनी निवडायची कशी? जाहिराती वाचून तर सगळेच राजे हरिश्चंद्र. पण वहिनीकडे सासऱ्यांनी शिकवलेली एक रीत होती. नवा बटणवाला आला की त्याच्याकडून एक डबा घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो परत करायला जायचं. माल चांगला असला तरी. सासरे म्हणत, "विकताना कुत्राही शेपूट हलवतो. परत घेताना कोण कसा वागतो ते बघ." या रीतीपायी गावातले निम्मे व्यापारी सासऱ्यांना वेडा समजत. उरलेले निम्मे मात्र अजूनही माल देत होते, आणि चोख देत होते.

तेव्हा वहिनीने तीन कंपन्या हेरल्या, प्रत्येकीकडे एका महिन्याची जागा घेतली, आपल्या मोबाइलमधले थोडे बटणांचे फोटो चढवले, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की मला निघायचंय, माझं सामान द्या.

पहिल्या कंपनीत सगळं अमर्याद होतं. जागा अमर्याद, वेग अमर्याद, प्रेम तर विचारूच नका. कोपऱ्यातल्या खिडकीतून एक मदतनीस सारखा "मी आपली काय सेवा करू?" विचारायचा. निघायचंय म्हटल्याबरोबर त्याने रडका चेहरा पाठवला. मग दुसऱ्या मदतनीसाकडे सोपवलं, त्याने तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला, आपली विनंती आम्हाला फार महत्त्वाची आहे. ती इतकी महत्त्वाची होती की अजून कुणी तिला हात लावायला धजावलेलं नाही.

दुसरी कंपनी मोठी, नावाजलेली. तिथे अडवणूक अजिबात नव्हती, माणूसच नव्हता. पडद्यावर इतकी बटणं होती की बटणांत जन्म गेलेली बाईसुद्धा गांगरली. "इथून बाहेर पडायचं बटण असणार नक्की," ती नवऱ्याला म्हणाली, "पण ते शोधायला आपल्यासारखंच एखादं दुकान लागेल."

तिसऱ्या कंपनीचा फोन एका बाईने उचलला. आवाज असा, की आपण तिला जेवणावरून उठवलंय.

"काल जागा घेतली आणि आज सोडायचीय?"

"हो."

"बरं. सगळं बांधून मेलवर पाठवते. झालं?"

आणि वहिनी उत्तर शोधत असतानाच सगळं बांधून मेलवर आलंसुद्धा. वहिनीने तोंडभर हसून खरं काय ते सांगितलं. बाई हसली नाही. तिने उलट विचारलं, "धंदा वर्षभर सारखा असतो, की एखाद्या वेळी झुंबड उडते?" हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. वहिनीने कोटांची गोष्ट सांगितली. बाई म्हणाली, "मग नुसती ही स्वस्तातली जागा तुम्हाला थंडीत पुरायची नाही. वर्षभर हीच घ्या, आणि तो एक महिना मी मोठी करून देते. उगाच बारा महिने मोठ्या जागेचे पैसे भरू नका. आत्ता साइट कुठे आहे?"

"भाऊजींच्या जिन्याखाली."

"असे पुष्कळ येतात आमच्याकडे," बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "फायली नंतर आणा. साइटचं नाव हलवायचा अर्ज तेवढा आधी टाका, त्याला एखादा दिवस लागतो."

"अर्ज मागे घेता येतो?"

"येतो की."

इथेच वहिनी फसली. येतो म्हणजे कसा येतो, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. सासऱ्यांची रीत अंगात इतकी मुरलेली, की तिने उद्या मागे घ्यायचा म्हणूनच अर्ज टाकला. साइटचं नाव भाऊजींच्या नावावर होतं आणि अशा अर्जाचा मेल आधी मालकाला जातो, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी पडली. तोंडातून वाफ निघेल अशी. वहिनीने शटर वर केलं, तर बाहेर भाऊजी उभे. ते कधी दुकानात यायचे नाहीत. त्यांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं: आपली साइट दुसरीकडे हलवण्याची विनंती आली आहे. खाली दोन चौकोन, मान्य आणि अमान्य.

"हे तुम्ही पाठवलंत, वहिनी?"

वहिनीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला खणांसकट पोटात घ्यावं. नवऱ्याला अचानक पाठच्या खोलीत काम आठवलं.

"भाऊजी, ते मी नुसतं... म्हणजे आज मागे घेणारच होते."

"नुसतं कशाला कोण असलं पाठवतं? हलवायचीय ना?" भाऊजींचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, पाहुण्यांना जिना दाखवताना जायचा तसा. "हलवा. पण मला मेलवरून कळवता? परका आहे का मी? एकदा तोंडाने सांगा मला."

तर आता सांगणं भाग होतं. वहिनीने पदराला हात पुसले, पुसण्यासारखं काही नसताना.

"भाऊजी, तुम्ही नसतात तर हे दुकान आज नसतं. पण थंडीत तुमची साइट पडते. दर वर्षी. आमचा तेवढा एकच आठवडा असतो आणि तोच जातो. पुन्हा गेला तर आम्ही बुडू. मला साइट हलवायचीय. आणि हे तुम्हाला सांगायची मला भीती वाटत होती, कारण तुम्ही दुखावलेले मला बघवले नसते."

बोलून झाल्यावर तिला रडू आलं, आणि छातीवरचा दगडही उतरला.

भाऊजींनी एका खणावर बांधलेलं बटण बोटांनी फिरवलं. मग म्हणाले, "पडते ती हीटरमुळे."

"काय?"

"आमच्या घराची वायरिंग जुनी. हीटर आहेत दोन, पण एक लावला तरी फ्यूज उडतो, आणि जिन्याखालचं बंद पडतं. म्हणून तुमच्या मोसमात आम्ही हीटर लावत नाही. मी, ही, मुलं, सगळे गोधड्यांत बसतो. अगदीच सहन झालं नाही की ही लावते, गुपचूप. मग मी भांडतो तिच्याशी. पडली ते दिवस तुम्हाला आठवतात, वहिनी. नाही पडली ते दिवस आम्ही कुडकुडत काढलेत."

इतकी वर्षं वहिनी मनातल्या मनात या माणसाला निष्काळजी म्हणत आली होती. फुकटचं असलं की असंच, हेसुद्धा म्हणाली होती. धाकट्या जावेला दर थंडीत खोकला का होतो, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"मग सांगितलं का नाही?" ती कशीबशी म्हणाली.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

पाठच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नवरा तिथे कान लावून होता, हे उघड होतं. भाऊजी हसले. मग त्यांनी अंगठ्याने मान्यचा चौकोन दाबला, फायली आजच त्यांच्याकडे चढवतो म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या घरी फोन लावला.

"अगं ऐक, हीटर लाव," ते म्हणाले. "आत्ताच. हो, दिवसाढवळ्या." पलीकडून बायको काहीतरी विचारत होती. वहिनीला ऐकू येत नव्हतं, फक्त मधे मधे खोकला कळत होता. भाऊजींनी मान हलवली आणि डोळे पुसले. "कुठला म्हणजे काय? फ्यूज गेला तर जाऊ दे. दोन्ही लाव."