गार व्हायला मी तयार नाही

मी सरांचा जुना थर्मास. बुडाला पोचा आलाय, झाकण करकरतं, पण जिभेची धार शाबूत आहे. कारखान्यात माझ्या पोटातल्या दोन काचांमधली हवा काढून घेतली, तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मला टेबलावर ठेवून वर्गाला सांगायचे, "उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, आपणहून उलटी येत नाही. म्हणून तर काल परत येत नाही. शेवटी सगळंच खोलीइतकं गार होतं. मरण म्हणजे तेच." मुलं माना डोलवायची. माझं पित्त खवळायचं.

माझी बाजू घ्यायच्या त्या सरांच्या पत्नी. मी त्यांना बाई म्हणतो. सकाळी त्या चहा भरून द्यायच्या आणि शेवटचा कप सरांनी संध्याकाळी घरी आणायचा, असा दोघांचा शिरस्ता. बूच काढताना बाई म्हणायच्या, "बघू हं, आज कोण जिंकलं! तुमचा नियम की माझा थर्मास?" वाफ दिसली की सर हरले, मग कप त्यांनी विसळायचे.

एका संध्याकाळी आम्ही घरी आलो, तर बाई गेलेल्या. दुपारी झोपेतच. तो शेवटचा कप माझ्या पोटात तसाच राहिला.

भेटायला आलेल्या एका प्राध्यापकांनी समजूत घातली, "सर, तुम्हीच शिकवता ना, ऊर्जा नष्ट होत नाही?"

सर कडाडले, "ऊर्जा राहते हो! चहा राहत नाही!"

मला त्यांचा अभिमान वाटला. पण हेच सर मला कुणाला हात लावू देईनात.

राहायला आलेली लेक म्हणाली, "बाबा, द्या इकडे, धुते. वास येईल त्याला."

"नको. उघडलं की गार होईल."

"अहो बाबा, तो केव्हाच गार झालाय."

जन्मभर हाच नियम शिकवलेल्या माणसाने मला उचलून छातीशी धरलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मी हरलो होतो, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून तोंड मिटून बसलो होतो.

शेवटी त्यांनीच बूच काढलं. चहा नासला होता. सर ढसाढसा रडले. मग मला गरम पाण्याने विसळलं, स्वतः चहा केला, साखर बेसुमार टाकली आणि मला काठोकाठ भरलं. संध्याकाळी दोन कप मांडून लेकीला हाक मारली, "ये गं, बघू कोण जिंकलं."

वाफ होती. जराशीच, पण होती. चहा पिऊन सर कप विसळायला उठले.

नियम खरा आहे, हे मलाही कळतं. एक दिवस माझी काच तडकेल आणि तो जिंकेल. पण तोवर रोज संध्याकाळपर्यंत मी त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणार. सर, तुम्ही फक्त सकाळी मला भरायला विसरू नका.