आठवा ठोकळा

टेबलावर ठोकळे आठ, बाहुली एक, तीही एका डोळ्याची, आणि घड्याळ एक. टेबलाभोवती माणसं चार: मुलांची वाढ तपासणाऱ्या बाई, वजनकाटे दुरुस्त करणारा बाप, त्याची बायको आणि त्यांची अडीच वर्षांची चिमणी.

चिमणी सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली, नऊशे चाळीस ग्रॅमची. डॉक्टरांनी तिचे आकडे संगणकात घालून सांगितलं होतं, पुढे शिकायला अवघड जाण्याची शक्यता शंभरात अडतीस. तेव्हापासून तो आकडा बापाच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. "एका पोरीचं वजन शंभर पोरींच्या काट्यावर कसं करतात हो?" तो भेटेल त्याला विचारी. आज सहा ठोकळ्यांचा मनोरा झाला, तर धोंडा थोडा तरी हलणार होता.

म्हणून त्याने महिनाभर दुकानात तिच्याकडून सराव करून घेतला होता. ठोकळे नव्हते, पण वजनं होती. अर्धा किलो खाली, मग दोनशे, शंभर, पन्नास. जड खाली, हलकं वर. चिमणीला स्वतःचं नाव नीट सांगता येत नव्हतं, पण हे तोंडपाठ होतं.

"आईवडिलांनी तोंडातून ब्र काढायचा नाही," बाईंनी बजावलं. "संधी तीन." मग त्यांनी तीन ठोकळे एकावर एक रचले. "बघ राणी, कसा छान! आता तू कर."

चिमणीने वरचा ठोकळा उचलला. दुसऱ्या हातात दुसरा घेतला. दोन्ही हात वरखाली केले आणि कोपराने बाईंचा उरलासुरला मनोरा आडवा केला.

"चूक. हा जड."

"सगळे सारखेच आहेत, बाळा."

खोटं माप वापरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बाप जसा बघे, तशी ती बाईंकडे बघत राहिली. दुसऱ्या संधीलाही तेच झालं. बाईंनी लिहिलं: मनोरा शून्य. सूचना पाळत नाही. मोडतोड करते. गल्ल्यापलीकडून आकडे उलटे वाचायची बापाला सवय होती. शून्य तर उलटंही शून्यच.

"बोलायच्या आधी तोलायला शिकवलंत!" बायको कुजबुजली. "आता बसा!"

"ताई, शांतता."

बापाला राहवेना. त्याने खिशातून छोटा काटा काढून टेबलावर ठेवला. "मी नाही बोलत, बाई. हा बोलेल."

"अहो, हे नियमात बसत नाही!"

तोवर पहिला ठोकळा काट्यावर गेला होता. दहा ग्रॅम. दहा. दहा. सात ठोकळे दहा-दहा भरले. आठवा पंधरा.

बाईंनी तो हातात घेऊन पाहिला. "एक हरवला होता," त्या हळूच म्हणाल्या. "सुताराकडून करून घेतला. रंग अगदी हुबेहूब दिला होता त्याने."

"रंग जुळवला, लाकूड नाही जुळवलं," बाप म्हणाला.

बाईंनी शून्यावर आडवी रेघ ओढली, शेजारी लिहिलं: संच सदोष. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तिसरी संधी बाकी आहे." या वेळी त्यांनी काहीच रचून दाखवलं नाही. पंधरा ग्रॅमचा ठोकळा नुसता चिमणीच्या तळहातावर ठेवला आणि घड्याळ दाबलं.

बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

ठोकळे आठ. वेळ त्रेपन्न सेकंद. मनोऱ्याची उंची वीस सेंटिमीटर.